सायकलवाल्याचा कान : घंटीपासून बड्सपर्यंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या रस्त्याचा आहे, म्हणून सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.

गावाच्या ग्रुपवर सध्या वाद चाललाय. सायकलीवर शाळेत जाणारी पोरं-पोरी कानात इअरफोन घालून जातात, मागून ट्रक आला तरी बाजूला होत नाहीत, म्हणून शाळेनं आणि ग्रामपंचायतीनं बंदी घालावी, असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, आधी रस्त्याची साइडपट्टी भरा, मग पोरांचे कान तपासा. एकानं तर अहिराणीत टाकलं, "कानमा बूच घालेल शे, आन् म्हणे हॉर्न वाजाडा नही!" हसलो सगळेच. मला इतिहासाची खोड असल्यामुळे वेगळाच प्रश्न पडला. सायकलवाल्याच्या कानाबद्दल सरकारनं आजवर कधी काही म्हटलंय का? म्हटलं असेल तर काय?

सायकल पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा लोकांची एक मोठी तक्रार अशी होती की ही बया आवाजच करत नाही. घोड्याच्या टापा ऐकू येतात, गाडीची चाकं खडखडतात, ही मात्र चोरासारखी मागून येते आणि माणूस दचकतो. इंग्लंडमध्ये १८८८ साली लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट झाला. त्याच्या ८५ व्या कलमानं सायकलला रीतसर 'गाडी' ठरवलं, म्हणजे रस्त्यावरचा तिचा हक्क मान्य झाला. पण त्याच कलमात दोन अटी होत्या. अंधार पडल्यावर दिवा हवा, आणि पुढची गाडी, जनावर किंवा पायी माणूस ओलांडण्याआधी घंटी वाजवून किंवा शिट्टी मारून ऐकू जाईल असा इशारा द्यायला हवा. तिथं ही घंटीची अट १९३० मध्ये गेली, पण तोवर सायकल म्हटली की घंटी हे समीकरण जगभर पक्कं झालं होतं.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. कायद्यानं सायकलवाल्याला सांगितलं की तू आवाज दे. तू ऐक, असं नाही सांगितलं. सांगायची गरजच नव्हती. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. रस्त्यावरच्या माणसाचा कान उघडा असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आपल्याकडे तर रस्ता आधीपासून कानानंच चालायचा. बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ ही नुसती हौस नव्हती. अंधारात समोरून गाडी येतेय हे त्यावरून कळायचं, आणि जुनी माणसं सांगायची की माळेच्या आवाजावरून कुणाची जोडी आहे हेही ओळखता यायचं. स्वातंत्र्यानंतर सायकल देशातच बनायला लागली. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतला अ‍ॅटलास १९५१ मध्ये, लुधियानात हिरो १९५६ मध्ये. मग दूधवाला, पोस्टमन, मास्तर, तलाठी, लग्नात मिळालेली सायकल मिरवणारा जावई, सगळे सायकलीवर आले.

आणि सायकल आली तशी सरकारची नजरही आली. शहरात नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. तो दरवर्षी पैसे भरून घ्यायचा आणि सायकलीला लावायचा, नसला तर पोलीस धरणार. रात्री दिवा नसला तरी धरणार, डबलसीट दिसले तरी धरणार. खेड्यातही सायकल सुटली नव्हती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामपंचायतींना ज्या गोष्टींवर कर लावता येतो त्यांच्या यादीत सायकली आणि जनावरांनी ओढायच्या गाड्या आहेत. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल.

त्याहून गंमत रेडिओची. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागायचं, त्याचं पुस्तक असायचं, दरवर्षी फी भरून शिक्का घ्यायचा. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. म्हणजे एक काळ असा होता की सायकलला बिल्ला आणि रेडिओला लायसन, दोन्ही सरकारी कागद खिशात ठेवून माणूस सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून विविध भारती ऐकत शेतात जायचा. तपासायला कागद दोन होते. पण गाणं ऐकत सायकल चालवणं धोक्याचं आहे, असं मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.

का नाही आलं? कारण ट्रान्झिस्टर हँडलवर होता. गाणं हवेत होतं. मागून एसटी आली तर तिचा हॉर्नही त्याच हवेतून कानात यायचा. उलट गाण्यावरून पुढच्यालाही कळायचं की मागून कुणीतरी येतंय, घंटीचं काम आशा भोसले करायच्या. रस्त्यावरचं गाणं सगळ्यांचं होतं. ते एकट्याचं झालं तेव्हा गोष्ट बदलली.

ती बदलली त्याची तारीख आहे. १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनी कंपनीनं वॉकमन बाजारात आणला. खिशात मावणारा टेप आणि डोक्यावर हलका हेडफोन. आज बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती आणि वर एक नारिंगी बटण होतं. एकट्यानं गाणं ऐकत बसणं शेजारच्याला उद्धटपणा वाटेल, अशी कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना काळजी होती, म्हणून दोघांची सोय. आणि ते बटण दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि आतल्या माइकमधून बाहेरचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. त्याला त्यांनी 'हॉटलाइन' नाव दिलं होतं.

म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी बनवणाऱ्यांना कळलं होतं की हे यंत्र माणसाला आजूबाजूपासून तोडतं. म्हणून त्यांनी त्यात एक खिडकी ठेवली होती. पुढच्या मॉडेलांत ती खिडकी काढून टाकली. लोक त्यासाठी पैसे मोजत नव्हते, एकटं राहण्यासाठी मोजत होते. आज महागड्या बड्समध्ये बाहेरचा आवाज आत घेणारा जो 'ट्रान्स्परन्सी मोड' नवीन शोध म्हणून विकला जातो, तो त्या नारिंगी बटणाचा नातू आहे.

कायदा मागोमाग आलाच. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या वुडब्रिज गावानं ठराव केला की हेडफोन घालून रस्ता ओलांडायचा नाही, सायकल चालवायची नाही. दंड होताच, काही दिवसांच्या कैदेचीही तरतूद होती. जगभर चेष्टा झाली. पण १८८८ च्या कायद्यानं आवाज द्यायला सांगितलं होतं, आणि साधारण शंभर वर्षांनी एका गावानं म्हटलं की ऐकणं हेही रस्त्यावर असणाऱ्याचं काम आहे. कॅलिफोर्नियात आज दोन्ही कान झाकायला सायकलस्वारालाही मनाई आहे, एक कान चालतो. फ्रान्सनं १ जुलै २०१५ पासून गाडी चालवताना कानात काहीही घालायला बंदी केली, त्यात सायकलही आली, दंड १३५ युरो. जर्मनीत हेडफोनला बंदी नाही, पण ऐकण्यात अडथळा आला तर दोष तुमचा. आणि सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतात त्या नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, हेडफोनला मात्र नाही.

(एक जुलैचं काय गौडबंगाल आहे कळत नाही. युरोपात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना मुद्दाम आवाज बसवण्याची सक्तीही १ जुलै २०१९ लाच सुरू झाली. आणि आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला!)

नेदरलँड्सवाल्यांना हेडफोन का चालतो, याचं उत्तर त्यांच्या कायद्यात नाही, रस्त्यात आहे. तिथं बहुतेक मोठ्या रस्त्यांना सायकलसाठी वेगळी वाट आहे. मागून ट्रक येतच नाही, तर ऐकायचं काय? तरीही तिथल्याच ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलस्वारांवर प्रयोग केले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कानात घट्ट बसणारे इअरफोन घालून गाणं ऐकणाऱ्यांना बाहेरचा इशारा ऐकू येणं सगळ्यात जास्त कमी झालं. साधा इअरफोन एकाच कानात असला तर फरक फारसा पडला नाही. पण तो प्रयोग त्यांच्या रस्त्यांसाठी होता.

आपल्या रस्त्याचं काय? नंदुरबार-दोंडाईचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मिरचीचे टेम्पो, कापसाचे ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, वाळूचे डंपर, एसटी, आणि हंगामात शेळ्या-मेंढ्यांचे कळप. डांबराच्या कडेला साइडपट्टी कुठे वीतभर खाली, कुठे नाहीच. सायकलला आरसा नाही. म्हणजे मागचं जग सायकलवाल्याला फक्त कानानं कळतं. आपल्या ट्रकवाल्यांनी तर हा करार गाडीच्या पाठीवर लिहूनच ठेवला होता, 'हॉर्न ओके प्लीज'. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं ही अक्षरं लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजतात. अक्षरं कमी झाली, करार तसाच आहे. मागचा हॉर्न देतो आणि पुढचा ऐकून बाजूला होईल असं धरून चालतो. पुढच्याचा कान बंद आहे हे मागच्याला दिसत नाही. मुलीच्या डोक्यावर ओढणी बांधलेली असेल तर अजिबातच नाही.

हिशोब करून बघा. ट्रक ताशी ६० किलोमीटरनं येतोय, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. सायकल ताशी १५ नं, म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या आसपास. ट्रक ५० मीटर मागे असेल तर तो सायकलपाशी पोचायला फक्त ४ सेकंद. या ४ सेकंदांत ऐकायचं, समजायचं, हँडल सांभाळून कडेला व्हायचं. ट्रकवाला हॉर्न देऊन वाट बघेल आणि ब्रेक दाबेल, हे देवावर सोडलेलं.

आता रेल्वेकडे येतो, कारण रनाळ्याला स्टेशन आहे आणि गावाचं रोजचं जाणं-येणं रुळांशी बांधलेलं आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. कोळशाचं इंजिन असताना गाडी येतेय हे शेतातल्या माणसाला लांबूनच कळायचं. डिझेलचीही धडधड होती. उधना-जळगाव मार्ग दुहेरी झाला, विजेवर आला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी तो देशाला अर्पण केला. चांगलंच झालं. पण विजेची गाडी डिझेलपेक्षा शांत येते. आणि दोन रूळ झाल्यावर एक नवा धोका तयार झाला. एक गाडी गेली की माणूस सायकल उचलून निघतो, आणि तिच्याच आवाजाच्या आडून दुसऱ्या रुळावर उलट बाजूनं दुसरी आलेली असते. उघड्या कानालाही हे अवघड आहे. बंद कानाची गोष्टच सोडा.

२६ एप्रिल २०१८ आठवतंय? उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात बिनगेटच्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेची व्हॅन पॅसेंजर गाडीखाली आली. १३ लेकरं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते असं प्राथमिक चौकशीत पुढे आलं आणि देशभर तीच हेडलाइन झाली. पण त्या क्रॉसिंगला गेट नव्हतं, ही दुसरी हेडलाइन का झाली नाही? सुदैवानं रेल्वेनं ते मनावर घेतलं. जानेवारी २०१९ संपेपर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरची मानवरहित क्रॉसिंगं संपवली, कुठे माणूस नेमला, कुठे भुयारी रस्ता केला, कुठे वाट बंद केली. कान बंद असलेला चालक उद्याही असेल, पण आता त्याच्यासमोर आडवा दांडा तरी येईल. माझ्या मते त्या दुर्घटनेतून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

पोरांना नुसतं "घालू नका" म्हटलं तर ती ऐकत नाहीत, कारण सांगितलं तर निदान विचार करतात, म्हणून थोडं कानाबद्दल. मागचा आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. म्हणून "मी तर एकाच कानात घालतो" हे अर्धंच उत्तर आहे. हॉर्न ऐकू येईल, पण कुठून आला ते चुकू शकतं. तरी घालायचाच असेल तर डाव्या कानात, कारण आपल्याकडे वाहन उजव्या बाजूनं ओलांडतं, तो कान उघडा हवा. सगळ्यात वाईट म्हणजे 'नॉइज कॅन्सलिंग' वाले. ते यंत्र खालच्या पट्टीतला एकसारखा घुमणारा आवाज सगळ्यात चांगला पुसतं. विमानात ते सुखाचं, पण ट्रकच्या इंजिनाचा आवाज नेमका त्याच जातीचा. म्हणजे पैसे देऊन आपण मागचा ट्रक पुसून घेतो! कानाच्या पुढे हाडावर टेकवायचे हेडफोन निघालेत, त्यात कानाचं भोक मोकळं राहतं, ते त्यातल्या त्यात बरे. पण गाणं मोठ्यानं लावलं तर तेही चालणार नाहीत. वारा समोरून असला की कानात आधीच घोंघाट असतो, त्यावर मात करायला पोरं आवाज वाढवतात, आणि गणित आणखी बिघडतं. फोनवर बोलणं तर गाण्याहून वाईट, तिथं कानाबरोबर लक्षही जातं.

आता मूळ मुद्दा. या रस्त्यावर सायकलीवर कोण आहे? मोटारसायकल आल्यावर बाप्ये सायकलीवरून उतरले. उरल्या कोण, तर शाळेतल्या मुली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांची ही योजना, त्यात आपला जिल्हा आहे. २०२२ मध्ये रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये केली. या सायकलींमुळे किती मुलींची शाळा सुटायची राहिली हे कुठल्याही मास्तरांना विचारा. दुसरीकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच फोनवर आली. म्हणजे एका हातात सायकल दिली ती आपणच, दुसऱ्या हातात फोन दिला तोही आपणच. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटणार हे कुणी बघितलं नाही.

कायद्यात आज काय आहे? मोटार वाहन कायद्यात सायकल हे 'मोटार वाहन' नाही, त्यामुळे मोबाइलच्या दंडाचं कलम तिला लागत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीत १३८ (१-अ) हे पोटकलम आलं, त्यानुसार राज्य सरकार पायी चालणारे आणि सायकलीसारखी बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी नियम करू शकतं. कित्येक वर्षं राज्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग कोइम्बतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन यांच्या याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की सहा महिन्यांत हे नियम करा. हेच डॉक्टर २०१२ पासून रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी कोर्टात भांडतायत.

मला भीती वाटते ती इथं. नियम करणाऱ्याला सगळ्यात सोपी ओळ कुठली? 'सायकल चालवताना हेडफोन वापरल्यास दंड.' खर्च शून्य. जुन्या बिल्ल्यासारखंच होणार, धरायला सोपा म्हणून सायकलवाला धरणार. आणि दंड भरणार कोण, तर जिला सरकारनंच सायकलचे पैसे दिले ती नववीतली मुलगी. एकदा दंड झाला की घरचे म्हणणार, "बस्स झाली शाळा." मी हेडफोनच्या बाजूचा नाही. या रस्त्यावर दोन्ही कान बंद करून सायकल चालवणं मला आत्महत्येसारखं वाटतं, आणि घरातल्या पोरांना मी ते करू देत नाही. पण नियम लिहायचाच तर त्यात साइडपट्टीही लिहा. शाळेच्या दोन्ही अंगांना वेगाचे गतिरोधक, शाळा सुटण्याच्या वेळेला अवजड गाड्यांना अडसर, हेही लिहा.

तोवर गावात आपण काय करू शकतो ते सांगतो. पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडणार आहे. एक, गावहद्दीतली साइडपट्टी पावसाळ्याआधी मुरूम टाकून डांबराच्या बरोबरीला आणावी, म्हणून बांधकाम विभागाला ठराव पाठवायचा. दोन, सायकलवर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हँडलला उजव्या बाजूला आरसा आणि मागे रिफ्लेक्टर. वर्गणी काढू, मी पहिला नाव लिहितो. तीन, शाळेत दंड नाही, फक्त एक प्रयोग. मैदानात पोराला इअरफोन घालून उभं करायचं, पाठ फिरवून, आणि मागून सायकलची घंटी वाजवत यायचं. किती जवळ आल्यावर हात वर करतो ते फूटपट्टीनं नाही, पावलांनी मोजायचं. मग इअरफोन काढून पुन्हा. आकडा पोरांनीच फळ्यावर लिहायचा.

आणि हो, कुणाच्या घरी माळ्यावर जुना सायकलचा बिल्ला किंवा रेडिओच्या लायसनचं पुस्तक सापडलं तर कमेंटमध्ये फोटो टाका. साल दिसेल असा काढा.